गीझर किती अंशांवर ठेवावा? मुंबईतल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गीझर बसवणारा माणूस पुष्कळदा नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवतो, पाणी गरम येतंय हे दाखवतो आणि जातो. पुढे वर्षानुवर्षं त्या नॉबला कुणी हात लावत नाही. अशा गीझरच्या टाकीत ६५-७० अंशांचं पाणी असू शकतं आणि त्या पाण्याने माणूस पोळायला दोन सेकंद पुरतात. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे, सत्तरी ओलांडलेलं कुणी आहे किंवा मधुमेही आहे, त्यांनी पुढची उत्तरं पुढे ढकलू नयेत. यातलं बरंचसं काम फुकटात आणि आजच्या आज होण्यासारखं आहे.

आधी सरळ आकडा सांगा. किती अंश?

घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील आणि नळाला तापमान आवरणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह नसेल, तर गीझर ५० अंश सेल्सियसवर ठेवा आणि आठवड्यातून एकदा, कुणी आंघोळीला जाणार नसेल अशा वेळी, ६० पर्यंत तापवा. मिक्सिंग व्हॉल्व्ह असेल तर टाकी कायम ६० वर ठेवा. धडधाकट मोठी माणसंच राहतात आणि बादलीत पाणी मिसळूनच आंघोळ होते, अशा घरात ५५ ते ६० चालेल. त्याच्या वर जायचं काहीही कारण मुंबईत तरी नाही.

दोन आकडे सांगावे लागतात, कारण धोकेही दोन आहेत आणि ते उलट दिशांना ओढतात. पाणी फार गरम झालं की अंग पोळतं. बरेच दिवस नुसतं कोमट राहिलं की टाकीत जंतू वाढतात. टाकीत पाणी किती गरम असावं आणि अंगावर किती गरम पडावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अंगावर पडणारं पाणी ३८ ते ४० अंशांचं असलं की आंघोळ छान होते.

पन्नास आणि साठमध्ये असा काय मोठा फरक आहे?

हाताला तो फारसा जाणवत नाही. दोन्ही 'कढत'च वाटतात. कातडीच्या दृष्टीने मात्र तो फार मोठा आहे. हार्वर्डमधल्या मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी १९४७ साली, कातडी किती अंशांवर किती वेळात भाजते याची मोजमापं प्रसिद्ध केली. आजही जगभरचे सुरक्षिततेचे सल्ले त्याच कामाच्या पायावर उभे आहेत. मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजायला ४९ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटांहून जास्त वेळ लागतो. ५४-५५ अंशांना साधारण अर्धा मिनिट. ६० ला सुमारे पाच सेकंद. ६५ ला दोनेक सेकंद, आणि ७० ला एखादाच.

पाच मिनिटांत माणूस नळ बंद करतो, बाजूला होतो, ओरडतो. पाच सेकंदांत साबणाने डोळे मिटलेला माणूस नळ शोधत असतो. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यांना वर दिलेल्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो आणि नळापासून दूर व्हायचं हे त्यांना सुचतही नाही.

मग चाळीसवरच ठेवला तर? कटकटच नको.

नको. लेजिओनेला नावाचा जंतू पाण्यात थोड्या प्रमाणात असतोच. साधारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, त्यातही ३५ च्या आसपास, तो जोमाने वाढतो. ५० च्या वर त्याची वाढ थांबते, ६० ला तो काही मिनिटांत मोठ्या प्रमाणात मरतो. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ पसरली. त्या सैनिकांच्या संघटनेवरून जंतूला हे नाव मिळालं.

हा जंतू पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला म्हणून सहसा आजार होत नाही. शॉवरचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की होतो. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेले, सिगारेट ओढणारे, केमोथेरपी चालू असलेले किंवा किडनी बदललेले, आणि वयस्कर, यांना धोका जास्त. अशा कुणासाठी शॉवर वापरत असाल तर आठवड्याचं ६० अंशांचं तापवणं चुकवू नका.

आम्ही गीझर दिवसभर चालू ठेवत नाही. आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावतो. तरी हे सगळं बघायचं?

हो, आणि तुम्हीच जास्त बघायचं. मुंबईतली बहुतेक घरं असंच करतात, पण मग पाण्याचं तापमान घड्याळावर अवलंबून राहतं. १५ लिटरची टाकी आणि २ किलोवॅटची कॉइल असेल, तर २५ अंशांचं पाणी ५० ला जायला साधारण १३ मिनिटं लागतात, ६० ला जायला १८. म्हणजे फोन आला, दूधवाल्याला पैसे द्यायला गेलात आणि पाच-सात मिनिटं उशीर झाला की कालचं सुखद पाणी आज पोळणारं होतं. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल आपोआप बंद करणारा भाग, ५० वर लावलेला असला की गीझर कितीही वेळ चालू राहिला तरी पाणी साधारण तिथेच थांबतं. मिनिटं मोजू नका, लाल दिवा विझण्याची वाट बघा.

गणपतीला कोकणात किंवा मे महिन्यात गावी जाऊन दहा-पंधरा दिवसांनी परतलात, तर टाकीतलं पाणी तेवढे दिवस तसंच बसलेलं असतं. पहिल्या आंघोळीआधी नॉब ६० वर न्या, दिवा विझल्यावर अर्धा-पाऊण तास गीझर चालूच राहू द्या. मग शॉवरमधून नव्हे, खालच्या नळातून सावकाश ते पाणी सोडून द्या. त्या वेळी खिडकी उघडी आणि मुलं बाथरूमबाहेर. नॉब परत खाली आणायला विसरू नका. दर आठवड्याच्या तापवण्यालाही हीच पद्धत.

आमच्या नॉबवर अंशांचे आकडेच नाहीत. नुसत्या रेघा आहेत.

बऱ्याच गीझरवर असंच असतं. कुठे १ ते ५, कुठे निळ्याकडून लालकडे जाणारा पट्टा. आकडे छापलेले असले तरी त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, कारण जुना थर्मोस्टॅट दहा अंश इकडेतिकडे असू शकतो. पाणी मोजणं हाच खरा उपाय.

स्वयंपाकघरात वापरतात तो १०० अंशांपर्यंत जाणारा थर्मामीटर घ्या. ताप मोजायचा थर्मामीटर यासाठी अजिबात वापरू नका. त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते, काचेचा असेल तर तो फुटूही शकतो. गीझर चालू करा, दिवा विझू द्या. आता फक्त गरम नळ सोडा आणि पहिलं तांब्याभर पाणी जाऊ द्या, कारण ते पाइपात गार झालेलं असतं. त्यानंतरचं पाणी स्टीलच्या पेल्यात धरा आणि लगेच मोजा. आकडा ५० च्या बराच वर असेल तर नॉब थोडा खाली आणा, टाकीतलं गरम पाणी संपू द्या, पुन्हा तापवा आणि पुन्हा मोजा. हवी ती जागा सापडली की नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका लावा, म्हणजे पुढे कुणी फिरवला तर कळेल.

गीझरच्या पुढच्या बाजूला काटा असलेली गोल तबकडी असते, तिला पुष्कळ जण नॉब समजतात. ती फक्त तापमान दाखवते, बदलत नाही.

नॉबच नाही. आता?

दोन शक्यता. काही साठवणीच्या गीझरमध्ये थर्मोस्टॅट खालच्या झाकणाच्या आत असतो. ते झाकण इलेक्ट्रिशियनकडूनच उघडून घ्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही, त्या लाइनचा एमसीबी (घराच्या मेन बोर्डवरचा खटका) खाली पाडलेला हवा. वायरिंग उलटसुलट जोडलेलं असेल तर बटण बंद असूनही आत करंट असतो. तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरमध्ये मात्र थर्मोस्टॅट बहुतेक वेळा कारखान्यातूनच ठरवलेला असतो. तिथे पाणी मोजा, फार गरम निघालं तर बादलीची शिस्त किंवा मिक्सिंग व्हॉल्व्ह एवढेच मार्ग उरतात.

आम्ही बादलीत आंघोळ करतो, शॉवर नाही. मग आम्हाला कसला धोका?

तुमचा धोका वेगळ्या जागी आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत अशी: आधी कढत पाणी काढायचं, मग विसण घालायचं. बंबाच्या काळात तेच सोयीचं होतं. पण त्यामुळे दोन-तीन मिनिटं बाथरूमच्या फरशीवर ६० अंशांच्या पाण्याची बादली उघडी राहते, आणि नेमक्या त्याच वेळी मोठं माणूस टॉवेल आणायला नाहीतर मुलाचे कपडे काढायला वळलेलं असतं. दीड-दोन वर्षांचं मूल बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, हात घालतं, वाकतं. एवढ्याशा बाथरूममध्ये पळायलाही जागा नसते.

म्हणून क्रम उलटा करा. आधी गार, मग गरम. अर्धी बादली थंड पाण्याने भरा, मग गरम नळ सोडा, हाताने तळापासून ढवळा आणि कोपर बुडवून बघा. ढवळणं महत्त्वाचं आहे, कारण गरम पाणी वर तरंगतं आणि खालचं गारच राहतं. या सवयीला खर्च शून्य आहे आणि माझ्या मते या पानावरची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. मुलाला बाथरूममध्ये नेण्याआधी बादली पूर्ण तयार हवी, आणि मूल आत असताना गरम नळाला हात लागायला नको.

गॅसवर पातेलं तापवून ते उचलून बाथरूमपर्यंत नेणं तर थांबवाच. ते पाणी ६० चं नसतं, उकळीच्या जवळचं असतं. वाटेत मूल पायात आलं की वरून खाली सगळं त्याच्यावर सांडतं. नाइलाजच असेल तर पातेलं उचलायच्या आधी स्वयंपाकघरातच त्यात गार पाणी घाला.

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी कढत पाणीच मागतात. त्यांना कसं सांगायचं?

हा प्रश्न अवघड आहे, कारण त्या मावशींच्या हाताखालून शेकडो बाळं गेलेली असतात आणि घरातल्या आजीही त्यांच्याच बाजूने असतात. कढत पाण्याने अंग शेकलं की बाळ शांत झोपतं, हाडं घट्ट होतात, असं मनापासून मानलं जातं. बाळ झोपतं ते मालिश आणि कोमट पाण्यानेही. हाडं काही पाण्याच्या उष्णतेने घट्ट होत नाहीत.

त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. वर्षानुवर्षं गरम पाण्यात काम केलेल्या तळहातांना ४५ अंशांचं पाणी कोमट वाटू शकतं. मावशी खोटं बोलत नसतात, त्यांच्या हाताला ते खरंच तसं लागतं. म्हणून तळहाताचा निकाल धरू नका. कोपर किंवा मनगटाची आतली बाजू बुडवा, आणि पहिले काही आठवडे थर्मामीटर ठेवा. बाळासाठी ३७-३८ अंश, बस. भांडण टाळायचं असेल तर पाणी तुम्हीच तयार करून द्या आणि "मावशी, डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय" म्हणा. बालरोगतज्ज्ञ हेच सांगतील.

मावशी पाटावर बसून बाळाला पायांवर घेतात, तेव्हा तांब्या थेट गरम नळाखाली धरून पाणी ओतू देऊ नका. एकच बादली, एकदाच मिसळलेली.

आजींना तर गरमच पाणी लागतं. पन्नासवर त्या तक्रार करतील.

अंगावर घ्यायला ४० ची गरज आहे, ५० ची नाही. त्यामुळे त्यांचं पाणी गार होणार नाही, फक्त विसण कमी लागेल. वय वाढलं की कातडी पातळ होते आणि चटका उशिरा कळतो. मधुमेहात पायांच्या नसा बोथट झाल्या असतील तर कढत पाण्यात पाय बुडवूनही काही जाणवत नाही. फोड संध्याकाळी दिसतात आणि जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. गुडघे शेकायला टबमध्ये पाय सोडून बसायची सवय असेल तर ते पाणी दुसऱ्या कुणी तपासून द्यावं. ज्याच्या पायांना संवेदना कमी आहे, त्याने पायाने पाणी तपासून काही कळायचं नाही.

शॉवर घेताना मधेच पाणी एकदम कढत होतं. गीझर बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. त्याच पाइपावर कुणी फ्लश केला किंवा वॉशिंग मशीनने पाणी ओढलं की थंड पाण्याचा दाब घटतो आणि शॉवरमध्ये गरमाचा वाटा वाढतो. गच्चीवरची टाकी तळाला गेली की दाबाचा असाच खेळ चालतो. टाकी ५० वर असेल तर हा झटका त्रासदायक असतो, ६५ वर असेल तर धोकादायक.

थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह हा यावरचा पक्का उपाय. तो गीझरच्या गरम नळीवर बसतो, गरम-थंड स्वतः मिसळतो आणि बाहेर ४० ते ४३ अंशांचंच पाणी सोडतो. त्यातला चांगला व्हॉल्व्ह थंड पाणी अचानक बंद झालं तर गरमही बंद करतो. स्वस्त नाही. पण बाथरूमचं काम काढणारच असाल, तर टाइल्सवरचे थोडे पैसे कमी करून हा बसवा.

पन्नासवर ठेवला तर पाणी पुरेल का? आणि बिल किती वाचेल?

टाकीला येणारं पाणी २५ अंशांचं धरा. १५ लिटरची टाकी ६० ला तापवली तर ४० अंशांचं सुमारे ३५ लिटर पाणी होतं. ५० ला तापवली तर २५ लिटर. म्हणजे एक मोठी बादली आणि वर थोडं. चौघांना सकाळी ओळीने आंघोळी करून लोकल पकडायची असेल तर दोघांमध्ये दहा-बारा मिनिटं सोडावी लागतील. मे महिन्यात हा प्रश्नच नसतो, कारण तापलेल्या गच्चीवरून पाणीच कोमट येतं.

बिलाबद्दल उगाच मोठी आशा दाखवणार नाही. १५ लिटर पाणी ६० ला न्यायला ०.६ युनिट लागतं, ५० ला न्यायला ०.४४. पण तुम्ही अंगावर तेवढंच पाणी घेता, तेव्हा आंघोळीची उष्णताही तेवढीच लागते. वाचते ती टाकीत मागे उरून दिवसभरात निवून जाणारी. ज्या घरात गीझर बंद करायला विसरतात तिथे फरक जास्त दिसेल. एक आडफायदा मात्र नक्की: भातसा-तानसा-वैतरणेचं महापालिकेचं पाणी फारसं जड नाही, पण टँकर किंवा बोअरवेलचं असेल तर ६० च्या वर कॉइलवर क्षार झपाट्याने बसतात. कमी तापमानाला कॉइल जास्त टिकते.

सोसायटीत सोलरचं पाणी येतं. त्याला तर नॉबच नसतो.

बरोबर, म्हणूनच सावध राहा. कडक उन्हात सोलरच्या टाकीतलं पाणी ७० अंशांपुढेही जातं आणि ते कमी करायचा काही उपाय फ्लॅटमध्ये नसतो. सोलरची लाइन असलेल्या प्रत्येक बाथरूमला मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, हा मुद्दा सोसायटीच्या सभेत मांडा.

आणि गॅस गीझर?

पोळण्याच्या आधी तिथे श्वासाचा प्रश्न येतो. बंद बाथरूममध्ये गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस चक्कर येऊन पडतो आणि दार आतून बंद असतं. मुंबईत असे मृत्यू झाले आहेत. गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच. तो बाहेर, उघड्या हवेच्या जागी असावा, आणि धूर थेट इमारतीबाहेर जावा. आज आत असेल तर जागा बदलेपर्यंत बादली बाहेर भरून आत न्या. आणि गॅस गीझरच्या नळाची धार बारीक केली की पाणी जास्त तापतं, हेही ध्यानात ठेवा.

गीझर तापताना खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. बूच मारू का?

कधीही नाही. पाणी तापलं की फुगतं, जास्तीचा दाब त्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. तो बंद केला तर टाकी फुटू शकते. तापताना चार थेंब येणं ठीक आहे. सतत धार लागली तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा इमारतीच्या लाइनचा दाब जास्त आहे. उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांवर हे होतं.

गरम नळातून वाफ आली, नळ फुरफुरला किंवा टाकीतून उकळल्यासारखा आवाज आला, तर थर्मोस्टॅट अडकलाय. नळ बंद करा, बाथरूममधून बाहेर या, एमसीबी पाडा आणि टाकी पूर्ण निवेपर्यंत हात लावू नका. मेकॅनिक नुसतं कटआउटचं (पाणी फार तापलं की वीज तोडणाऱ्या भागाचं) बटण दाबून "झालं" म्हणाला तर थर्मोस्टॅट बदलायला सांगा.

एवढं करूनही कुणी पोळलं तर पहिल्यांदा काय करायचं?

भाजलेल्या भागावर नळाचं साधं गार पाणी, सलग २० मिनिटं. घड्याळ लावून. त्या वेळात दुसऱ्याने ओले गरम कपडे, बांगड्या, कडं, करदोटा काढावा. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नये. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूप नको, शाई नको. फोड फोडू नका. नंतर धुतलेल्या सुती कापडाने सैल झाका. बाळ असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, ते लवकर गारठतं.

तान्हं मूल, वयस्कर किंवा मधुमेही माणूस, चेहरा, हात, पाय, जांघ, किंवा भाजलेल्या माणसाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठा भाग, यातलं काहीही असेल तर घरी वाट बघू नका. १०८ ला फोन करा. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात भाजलेल्यांसाठी वेगळा विभाग आहे, आणि ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

घर भाड्याचं आहे. मालकाला विचारावं लागेल का?

बाहेरचा नॉब फिरवायला नाही. थर्मोस्टॅट बदलायचा किंवा व्हॉल्व्ह बसवायचा असेल तर विचारा, आणि पाणी मोजलेल्या थर्मामीटरचा फोटो सोबत पाठवा.